थेट विमान नाही

प्रिय बाळ्या,

हे पत्र दाजी विमानतळाच्या दारातच तुझ्या हातात देतील. तू आत्ता कुठल्याशा समुद्रावर असशील, फोन बंद, म्हणून कागदावर लिहितेय.

परवा तू निघतो म्हणालास तेव्हा मी मोबाईलवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर बघितलं. तेरा हजार किलोमीटर, पंधरा तास. जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंपुढे हात जोडले, माझा भाऊ उद्या सकाळी येतोय, तोवर बाबांचं मशीन काढू नका. मग तू तिकीट पाठवलंस आणि कळलं, थेट विमानच नाही! दोनदा बदलायचं, एका ठिकाणी आठ तास नुसतं बसून राहायचं, सगळे मिळून एकतीस तास. मेलं ते अंतर काय पक्ष्यांसाठी मोजलंय? पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा मला तोंड वर करवेना.

तू लेटलतिफ ते लेटलतिफच. आठवतं, बाबा डेपोत गाड्या सोडायचे आणि तुझी शाळेची बस रोज सुटता सुटता मिळायची? शिट्टी तोंडात धरून ते 'धाव, धाव' असा हात करायचे, पण गाडी काही थांबवायचे नाहीत. आईसाठीसुद्धा नाही थांबवली एकदा. भाजीची पिशवी घेऊन बिचारी धापा टाकत येत होती. आठवडाभर अबोला धरला होता तिने. बाबांचं एकच, आत बसलेल्यांनी काय माझं घोडं मारलंय?

नळी घालायच्या आधी त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, बाळ्याला यायचं तेव्हा येऊ दे, मला ताटकळत ठेवू नकोस. मी कानाआड केलं. मला ते तुझ्यासाठी हवे होते रे. पण काल सकाळी त्यांची बोटं इतकी सुजली की अंगठी कापून काढावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नुसते हाल आहेत. मी चिडले, रडले, तुझ्या त्या आठ तासांना शिव्या घातल्या. आई बाहेर बाकावर बसली होती. तिने माझा पदर ओढला आणि म्हणाली, सोड गं आता गाडी.

मी हो म्हटलं. दुपारी बाबा गेले. आम्ही दोघी जवळ होतो, त्यांना त्रास झाला नाही. संध्याकाळी तू मधल्या विमानतळावरून फोन केलास आणि मी म्हणाले, आहेत, तू ये. तेव्हा ते नव्हते. पुढचा सगळा प्रवास तू अनोळखी माणसांच्या मध्ये बसून एकट्याने रडत करावास, हे मला सोसवलं नसतं. रागाव हवा तेवढा, मी ऐकून घेईन. बाकीचं सगळं तू आल्यावरच करू. फक्त आता धावू नकोस, बाळ्या. बॅग सावकाश घे, तोंड धू, दाजींबरोबर चहा पी, मग या.

वाट बघणारी तुझीच,
ताई