रुमाल्याच्या वाट्याची पेटी

मी, खाली सही करणारा, रंगमंचावरचा निवृत्त जादूगार, वय एकोणऐंशी, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे लिहून ठेवीत आहे. हात थरथरतो, डोकं नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. बायकोचं आहे, पण ते लग्नापासूनचं.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक बायकोला, तिच्या पश्चात लेकीला. जावयांना माझा काळा कोट. तो त्यांच्या पोटावर बसणार नाही, पण त्यांचा त्यावर फार दिवसांपासून डोळा आहे.

२. पत्ते, रेशमी रुमाल व करवत शेजारच्या शाळेला. करवतीला धार नाही, कधीच नव्हती.

३. दोन जादूगारांच्या हाडवैरावर सिनेमा काढणाऱ्या दिग्दर्शकाला काहीही नाही. पडद्यावर त्यातला एक दुसऱ्याला स्टेजसकट पेटवून देतो. नटांना हातचलाखी शिकवायला त्याने खरेच हाडवैरी आणले होते: मी, आणि बाहीतून रुमाल काढण्यात हयात घालवलेला रुमाल्या. आम्ही पेटवापेटवी केली नाही, फक्त एकमेकांच्या वाटणीचा चहा पिऊन टाकायचो. त्या सिनेमात माझ्या एका जादूत माझी बायको स्टेजवरच्या पेटीत शिरते आणि त्याच क्षणी प्रेक्षकांच्या मागच्या दारातून आत येते. कॅमेरा मध्ये कुठेही थांबला नव्हता. तरी लोक म्हणाले, "कॅमेऱ्याची करामत!" दिग्दर्शकाने खुशाल मान डोलावली. माझा नुसता जळफळाट झाला.

माझी लबाडी पकडायला रुमाल्या दर खेळाला थिएटरात जाऊन बसायचा. शेवटी माझ्या दारात येऊन ओरडला, "कट नाहीये त्यात, नालायका! केलंस कसं?" एवढी शाबासकी मला दुसऱ्या कोणी दिली नाही. तेव्हापासून तो दर रविवारी येतो, नवा तर्क मांडतो, चुकतो, मला शिव्या घालतो आणि जेवून जातो. या रविवारांनी माझं म्हातारपण सुखाचं केलं.

४. म्हणून ती पेटी रुमाल्याला. तिचा उलगडाही त्याला. तो बायको सांगेल. मात्र वकीलसाहेब म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. रुमाल्याला तर मी आज साक्षीलाच बोलावलं आहे. त्याने हे वाचून काय ते ठरवावं. सही केली, तर पेटी आणि उलगडा दोन्ही बायकोकडेच राहतील. नाही केली, तर कोपऱ्यावरचे शिंपीकाका बाहेर बसले आहेत, ते करतील.

बायको म्हणाली, "दोघंही वेडे! पेटीत गुडघे माझे दुखायचे, मला कोणी विचारलंय?" तिचं खरं आहे. मला मरणाची काळजी नाही. माझ्यामागे रविवारी तिचं दार कोणी वाजवेल की नाही, एवढीच आहे.

ठिकाण: राहत्या घरी, पेटीशेजारी
दिनांक: १९ जून २०११

सही: (जादूगार)

साक्षीदार १: (सही) घरचे डॉक्टर

साक्षीदार २: (सही) रुमाल्या
वाचलं. पेटी वहिनींकडेच राहू दे. उलगडा कोणी सांगायचा नाही. नवा तर्क रविवारी.