नौकात्यागाची पहिली फेरी

नवघर, भाईंदर (पूर्व)
१२ जानेवारी २००४

तीर्थरूप हरिश्चंद्रदादांस,

धाकट्या ईश्वरचा शिरसाष्टांग नमस्कार. गुहागरची हवा आपल्या गुडघ्याला आणि वहिनींच्या दम्याला मानवत असेल अशी आशा. इकडे मी जिवंत आहे. काल दुपारी साडेचारला तेही नक्की नव्हते.

खाडीपलीकडे जाणाऱ्या होडीवरच्या सूचना मराठीत हव्यात म्हणून मी तीन सभा गाजवल्या, हे आपण जाणताच. (दुसऱ्या सभेत टेबल मोडले.) शेवटी होडीवाले कंटाळून म्हणाले, तुम्हीच लिहून द्या. होडी धोक्यात आली की बाहेर पडा, एवढ्यासाठी मी 'नौकात्याग' हा शब्द दिला. 'उतरा' काय, माणूस रिक्षातूनही उतरतो! संकटाला साजेसा भारदस्त शब्द नको? वर होडी चालवणाऱ्या तांडेल बबनला शपथ घातली, की वेळ आली तर हाच शब्द वापरायचा.

काल चाचणीची फेरी होती. मला मानाने सगळ्यांत पुढे बसवले. (मला पाण्याची किती भीती वाटते हे आपल्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, सबंध वाट मी मनात रामरक्षा म्हणत होतो, तीही चुकत.) परतताना धक्का जवळ आला आणि बुडाची फळी सुटली. पाणी घोट्यापर्यंत चढले, गार, काळे. बबन गरजला, "नौकात्याग!" कुणीही हलले नाही. दोघांनी तर हात जोडले. त्यांना वाटले आरती सुरू होतेय. मासळीची टोपली घेतलेली शेवंती म्हणाली, "काय बोलतंय ह्यो?" बबन म्हणाला, "मास्तरांना इचार. त्यांनी शपथ घातलीय, दुसरा सबुद काढनार न्हाय."

माझे दात वाजत होते. तरी उभा राहिलो आणि सवयीने तोंडातून निघाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, त्याग म्हणजे काय?" पाणी पोटऱ्यांना लागले तेव्हा मी दधीची ऋषींपर्यंत पोहोचलो होतो. शेवंतीने टोपली डोक्यावर चढवली आणि ओरडली, "अरं मुडद्यांनो, उतरा!" क्षणात होडी रिकामी. खाली कमरेइतके पाणी आणि चिखल. मी धीराने सर्वांत शेवटी उतरलो.

शब्दावर मी आजही ठाम आहे.

आपला आज्ञाधारक,
ईश्वर

ता. क. शेवटी उतरलो, कारण होडीच्या काठाला आवळलेली माझी बोटे बबनला एकेक करून सोडवावी लागली.

आणखी एक. फळी बसवली आहे. रविवारी उद्घाटन असून मान पुन्हा माझाच. नाही म्हणालो तर लोक म्हणतील घाबरला. तेव्हा आपण शनिवारी घरी फोन करून मला तातडीने बोलावून घ्यावे. कारण गंभीर सांगा; साध्या तापाला आमची सौ. चंपा मला सोडणार नाही, तिने उद्घाटनासाठी नवे पातळ घेतले आहे. मी चिपळूणवरून वळसा घालून येईन. दाभोळला होडीने खाडी ओलांडायची वाट जवळची आहे असे कृपया सुचवू नये.