सोलरच्या अर्जाला जोडण्यासाठी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा विजेच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधणे, राहणार याच घराच्या वरच्या मजल्यावर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि बऱ्याच दिवसांनी कोणी मध्ये न बोलता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डावा कान थोडा कमी ऐकतो. डॉक्टरांनी तपासताना आज वार कोणता असे विचारले. मी वार सांगितला आणि त्यांच्या दवाखान्यातला पंखा बेअरिंगमुळे गुरगुरतो आहे, हेही सांगितले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम एक. मला कोणताही आजार नाही. हे मृत्युपत्र मी मरणाच्या भीतीने करत नसून वीज कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीमुळे करत आहे, याची वाचणाऱ्याने नोंद घ्यावी. गच्चीवर सोलर पॅनल बसवण्यासाठी मी सात हेलपाटे घातले. पहिल्या खेपेला फोटो लहान निघाला. दुसऱ्या खेपेला खिडकीवरचे साहेब रजेवर होते. तिसऱ्या खेपेला ते होते, पण नियम नवा आला होता.

"आजी, अर्जदार सत्तरच्या वरचा असला की सगळ्या वारसांची ना-हरकत लागते," साहेब म्हणाले.

"मजला माझा, गच्ची माझी. वाटणीपत्र जोडलंय."

"ते बरोबर आहे हो. पण पॅनल पंचवीस वर्षं राहणार ना."

"मग?"

"मग म्हणजे... पुढचं कोण बघणार?"

सातव्या खेपेला त्यांनाच माझा कंटाळा आला असावा. आवाज खाली आणून म्हणाले, "एक करा. मृत्युपत्र करा. गच्ची ज्याच्या नावे लिहाल त्याच्या एकट्याची सही पुरेल."

"माणूस मरायची तयारी दाखवतो तेव्हाच तुमच्याकडे काम पुढे सरकतं वाटतं," मी म्हणाले. त्यांनी मान खाली घालून माझ्या अर्जावर शिक्का मारला. हे मृत्युपत्र त्या अर्जाला जोडण्यासाठी आहे. मी मरेपर्यंत ते फाइलमध्ये पडून राहू नये.

कलम दोन. वरचा मजला, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची बाल्कनी, माझा मुलगा आणि माझी मुलगी यांना समान हिश्शाने मिळावा. बँकेतली ठेव पॅनलचा खर्च भागल्यावर जेवढी उरेल तेवढी दोघांत अर्धी अर्धी. पितळी दिवा मुलीला, कारण तिने तो तीन वेळा मागितला आहे आणि तीनही वेळा "तुला नको असेल तर" असे म्हणून मागितला आहे. मला हवा होता. आता घे.

या हिश्शात गच्ची येत नाही. दोघांनाही हे वाचून धक्का बसेल. कारण पुढे दिले आहे.

कलम तीन. दुकानातले सामान. हाताने फिरवायचे वाइंडिंग मशीन, तांब्याच्या तारेची उरलेली रिळे, मीटर, पाने आणि वार्निशचा डबा समोरच्या पंखेवाल्याला द्यावा. हा माणूस तीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आला की बाईच्या हातची मोटार महिनाभरात जळते. त्याच्या स्वतःच्या दुकानातल्या पंख्याची मोटार जळाली तेव्हा त्याने ती एका रिक्षावाल्याच्या हाती माझ्याकडे गुपचूप पाठवली होती. मी ती बघताक्षणी ओळखली, कारण तिच्यावर त्याच्याच हातचा वाकडातिकडा नंबर होता. नीट बांधून दिली. ती अकरा वर्षे चालते आहे. हत्यारे चांगल्या हातात जावीत म्हणून त्याला देत आहे, कारण काम त्याला येते, फक्त तोंड आवरत नाही. अट एकच, ती मोटार कोणी बांधली ते त्याने निदान दोन गिऱ्हाइकांना सांगावे.

कलम चार. गच्ची.

पॅनलचे माप घ्यायला जो माणूस आला, त्याने दारात उभे राहून मला विचारले, "साहेब आहेत का घरात?"

"साहेब भिंतीवर आहेत," मी म्हणाले. "त्यांना विचारा, मी ऐकते."

फोटोकडे बघून तो इतका गोरामोरा झाला की मला त्याला पाणी द्यावे लागले. माणूस वाईट नाही. माप नेटके घेतो. आठ पॅनल बसतील म्हणाला, पण पाण्याच्या टाकीची सावली "थोडीशी" पडेल. आता, थोडीशी हा शब्द मी माझ्या दुकानात कोणाला वापरू देत नाही. एका ओळीत जोडलेल्या पॅनलपैकी एक सावलीत गेले की सगळी ओळ मंदावते, हे मला कोणी शिकवायला नको. एका वेटोळ्यात खोट असली की सगळी मोटार बसते.

म्हणून मी स्वतः मोजायचे ठरवले. या हिवाळ्यात, सावल्या लांब असताना, पांढऱ्या ऑइल पेंटचा छोटा डबा घेऊन वर गेले. नऊ वाजता टाकीच्या सावलीची कड जिथे होती तिथे रेघ मारली. मग अकराला, एकला, तीनला. गुडघे दुखायला लागले, पण रेघा सरळ आल्या.

मुलाला मी दोन वर्षांपूर्वी, पॅनलचे डोक्यात आले तेव्हाच, फोन केला होता. तो म्हणाला, "आई, तुझ्यानंतर घर काढायचंच आहे. घेणाऱ्याला ते सांगाडे नकोसे होतील."

"माझ्यानंतर तुम्ही काय ते बघा. मला आत्ता हवेत."

"पण उपयोग काय त्याचा? तुला वीज लागते किती?"

मला आधी वाईट वाटले. राग नंतर आला. तो मनाने कोता नाही, हिशेबी आहे, आणि त्याच्या हिशेबात मी आताच वजा झालेली आहे. मुलीला फोन केला तर तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले, गच्ची गळेल का विचारले, तब्येतीला जप म्हणाली आणि शेवटी, "दादा काय म्हणतो?" ती पन्नाशीला आली. दादा काय म्हणतो हे विचारूनच तिने शाळेत विषय निवडले होते. सुट्टीत आले की निवांत बोलू, म्हणाली. अशा दोन सुट्ट्या येऊन गेल्या.

उपयोग काय, याचे उत्तर फोनवर सुचले नाही ते इथे देते. पन्नास वर्षे मी विजेने जाळलेल्या वस्तू दुरुस्त केल्या. कोणाची पाण्याची मोटार, कोणाची पिठाची चक्की, कोणाचा कूलर. वीज कुठून तरी यायची, जाळून जायची आणि निस्तरायला मी. उरलेली वर्षे, ती किती का असेनात, वीज माझ्या डोक्यावर तयार होताना मला बघायची आहे. याला हौस म्हणतात. चाळिशीतल्या माणसाने हौस केली तर चालते आणि चौऱ्याहत्तरीत केली तर वारसांची संमती लागते, हे मला पटत नाही.

कलम पाच. आता जावेबद्दल. माझी धाकटी जाऊ खालच्या मजल्यावर राहते. आम्ही एकोणीस वर्षे एकमेकींशी बोलत नव्हतो. माझ्या दिराने मी दुकानात असताना मला न विचारता खालच्या मजल्याची ती टाकी माझ्या गच्चीवर चढवली. मी संध्याकाळी येऊन गच्चीच्या दाराला कुलूप घातले. टाकी धुणाऱ्याला वर्षातून दोनदा किल्ली द्यायचे, इतर कोणाला नाही.

दुसऱ्याच वर्षी दीर अंथरुणाला खिळले. दोन वर्षे तसेच होते. जावेला रोज चादरी धुवाव्या लागत आणि त्या ती जिन्यात दोरी बांधून वाळत घालत असे. जिन्यात ऊन येत नाही. ओल्या कापडाचा वास माझ्या दारापर्यंत यायचा आणि मी दार लावून घ्यायचे. किल्ली माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली होती. दीर गेल्यावरही मी ती काढली नाही. ती माझी चूक होती. चूक हा शब्दही कमी पडतो, पण मृत्युपत्रात यापेक्षा मोठा शब्द कसा लिहितात ते मला माहीत नाही.

रेघा मारल्याच्या दुसऱ्या दिवशी मापवाला पुन्हा येऊन गेला आणि दार उघडे राहिले. मी वर गेले तर जाऊ गच्चीच्या मधोमध उभी. रेघांकडे बघत होती.

"जाऊबाई, वाटणी झाली तेव्हाच झाली," ती म्हणाली. "आता टाकीभोवती या हद्दी कसल्या आखताय? वकील करायची ताकद नाही माझ्यात, एवढं लक्षात ठेवा."

मी हसले. हसायला नको होते. मग तिला सांगितले की ही हद्द नव्हे, सावली आहे. तिचा विश्वास बसेना. म्हणून आम्ही दोघी उलट्या बादल्यांवर बसून राहिलो. अकराच्या रेघेला सावली टेकली, तिथे थोडी रेंगाळली आणि पुढे गेली.

"सरकली की हो," ती म्हणाली.

"सरकतेच ती."

"म्हणजे माझ्या टाकीमुळे तुमची तीन पॅनल वाया जाणार?"

"तीन वाया, आणि त्यांच्यामुळे ओळ मंद."

ती उठली आणि मागच्या कोपऱ्यापर्यंत पावले मोजून आली. "मागच्या कोपऱ्यात हलवू. प्लंबरला मी सांगते. बसवणार कधी?"

हा प्रश्न मला दोन वर्षांत कोणीही विचारला नव्हता. मुलाने नाही, मुलीने नाही, चार नंबरच्या खिडकीने नाही. तारीख सांगायची सोडून मी कुलुपाबद्दल बोलायला लागले, पण तिने हात हलवून थांबवले. "राहू द्या," ती म्हणाली. "आता माझ्या चादरी असतात तरी किती." तेवढे बोलून ती खाली गेली आणि मी वर बसून रडले, हे लिहायला हरकत नाही.

कलम सहा. सबब, वरच्या मजल्यावरची संपूर्ण गच्ची, तिचे दार, किल्ली आणि तिच्यावर बसणारी आठही पॅनल, सांगाडा, इन्व्हर्टर व वायरिंगसह, माझ्या पश्चात माझ्या धाकट्या जावेची व्हावीत. तिची संमतीची सही अर्जावर झालेली आहे. तिने अर्ज न वाचता विचारले, "कुठे करू?" मी तिला आधी वाचायला लावले. तयार होणारी वीज दोन्ही मजल्यांना मिळावी. मुलांनी मजला विकला तर तो गच्चीशिवाय विकावा. घेणाऱ्याला नकोसे झाले तर त्याने दुसरे घर बघावे.

जाऊ माझ्या आधी गेल्यास गच्ची मुलीला जावी, मात्र तिने ती दादाला न विचारता स्वीकारावी. जावेनंतर काय, याचा निर्णय जाऊ करील. सगळ्यांच्या नंतरचा विचार मीच करत बसायचा असेल तर मला जगायला वेळ कधी मिळणार?

साक्षीदार म्हणून सही करायला जाऊ फार उत्सुक होती. जिला काही मिळते तिला साक्षीदार होता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर ती हिरमुसली. तिने चहा केला.

कलम सात. मंजुरी फक्त मीटर जोडायला लागते, सांगाडा उभा करायला लागत नाही. हे मी खिडकीवरच्या साहेबांना त्यांच्याच नियमांच्या पुस्तकातून, पान शोधून, मोठ्याने वाचून दाखवले आहे. त्यांनी ते दोनदा वाचले आणि हो म्हणाले. उद्या त्यांनी नाही म्हटल्यास हे कलम पुढे करावे.

कलम आठ. हे माझ्या पश्चात करायचे नाही. तरी इथे लिहिते, कारण माझी दोन्ही मुले माझा फोन अर्धवट ऐकतात, पण माझे मृत्युपत्र शेवटपर्यंत वाचतील. म्हणून याची एकेक प्रत आजच दोघांना पाठवत आहे. येत्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता सांगाडा वर चढणार आहे. दुपारपर्यंत पॅनल लागतील. त्यानंतर माझ्याकडे दाखवण्यासारखे काहीतरी असेल, जे मी दुरुस्त केलेले नाही, नवे केलेले आहे. मी त्या दिवशी घरीच आहे. दोघांनी यावे. कोणाला कुठेही सही करायची नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, स्वतः वाचला, दोन ठिकाणी खोडले तिथे आद्याक्षरे घातली, आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्या दोघांनीही माझ्या समोर सह्या केल्या.

सही: वरच्या मजल्यावरची, मोटारी बांधणारी

साक्षीदार १: डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना (सही)

साक्षीदार २: पॅनलचे माप घेणारा (सही)

स्थळ: खालच्या मजल्यावर, जावेच्या स्वयंपाकघरातले टेबल

दिनांक: अकरा फेब्रुवारी, शनिवार, सकाळचे साडेअकरा