नदीवरची पोरगी बुडेल कशी?

प्रिय अंतरा,

तुझी कादंबरी रोह्याच्या वाचनालयात हाताला लागली. कव्हरच्या मागे तुझा फोटो. चष्मा लागलाय, पण हनुवटीवरची खोक तीच, आठवीत शाळेच्या पायरीवर आपटली होतीस ती. अंगणवाडीतली पोरं घरी गेली की मी पुस्तक उघडायचे. चार दिवसांत संपवलं.

आधी आवडलं ते सांगते. माणसं काय जिवंत उतरलीत गो! तो भित्रा सेनापती तर आमच्या निडीचा केरूकाकाच. बोलायला वाघ, आणि साप दिसला की माळ्यावर. जादू मात्र मला जड गेली. सात दरवाजे, सात मंत्र, प्रत्येकाचे वेगळे नियम. तिसऱ्या दरवाजानंतर मी पानं नुसती उलटली, खोटं कशाला सांगू. पण राजकन्या आणि ती नदीवरची पोरगी, डोहीण, काठावर बसून कंद खातात, तिथे दोनदा थांबले. रोहा-अष्टमीच्या पुलाखाली आपण माझ्या डब्यातले करांदे खायचो. तू घरी सांगायची नाहीस.

डोहिणीला तू माझं हसणं दिलंस, माझं पोहणं दिलंस. मग राजकन्येला वाचवताना तिला बुडवलंस. राग आला मला. राजकन्या शूर व्हावी म्हणून दुसरीनं का मरायचं? माझी पारी सातवीत आहे, तिनंही वाचलं. म्हणाली, "आये, नदीवरची पोरगी बुडंल कशी गो?"

नववीत आईबापासोबत वीटभट्टीवर गेले, तुला सांगायलाही मिळालं नाही. शाळा सुटली. लग्नानंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, मग बारावी. आता वाडीवरच्या अंगणवाडीत सेविका आहे. नवरा, शिवा, कंपनीत शिफ्टला जातो. बरं चाललंय.

एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. काल पुस्तक परत करताना सुरुवातीचं एक पान उघडलं, घाईत राहून गेलेलं. 'माझी मैत्रीण वनिता हिच्या स्मृतीस.' मी तिथेच खाली बसले. त्या वर्षी भट्टीवर तापानं गेली ती शेजारच्या झोपडीतली. तीही वनिताच. रोह्यात नुसतं नाव पोचलं असणार. एवढी वर्षं तू मला रडत होतीस का गो? मी आहे, अंतरा. हे पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर टाकतेय, खाली माझा नंबर आहे. फोन कर. आधी रड, मला शिव्या घाल, काय हवं ते कर. मग एखादा रविवार बघून निडीला उतर. मी स्टेशनावर उभी असेन.

तुझीच, अगदी ठणठणीत,
वनिता