चेतनचं कार्ड थंड करायचं आहे

१२ एप्रिल

आजपासून रोज लिहायचं. प्रयोग आहे, नोंद पाहिजे.

चेतनच्या खोलीतला कॉम्प्युटर गेल्या मेपासून बंद. त्यातलं ग्राफिक्स कार्ड म्हणजे विटेएवढं धूड. त्याच्या जोरावर पोरगा कार्टूनची पिक्चरं बनवायचा. उन्हाळ्यात ते इतकं तापे की मशीन आपोआप बंद पडे. तो म्हणाला, बाबा, खोलीत एसी लावू. मी म्हटलं, चंद्रभान पराते अख्ख्या महाल वस्तीला कूलर विकतो अन् त्याच्याच भिंतीवर एसीचा डबा? लोक हसतील. तो हैदराबादला गेला. नोकरी लागली म्हणून गेला. लोक म्हणतात, भांडून गेला. भांडण नव्हतं. थोडा आवाज वाढला होता, दोघांचाही. माझा जास्त, पण माझा आवाजच तसा आहे.

१८ मेला तो चुलतबहिणीच्या, रुचिकाच्या लग्नाला येणार. तोवर कार्ड पाण्यानं थंड करून ठेवायचं. मोबाईलवर पाहिलं, मोठमोठे लोक आता कार्डावर पाणी खेळवतात. म्हणजे मीच बरोबर होतो. एसी नाही, पाणी.

एवढं दाखवलं की विषय संपला. मग इथं राहायचं की नाही, त्याचं तो ठरवेल. मी काही बोलणार नाही.

१५ एप्रिल

सीताबर्डी. दिपाली नावाच्या मुलीचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काउंटर आहे. चेतन तिच्याकडूनच सामान घ्यायचा. तिनं समजावलं. तांब्याची जाड पट्टी, तिच्यात केसासारख्या बारीक नाल्या. तिला वॉटर ब्लॉक म्हणतात. ती कार्डाच्या चिपवर बसते. पंप तिच्यातून पाणी फिरवतो, पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं, परत येतं.

मी म्हटलं, हा तर कूलर झाला. ती म्हणाली, काका, हा कूलर नाही, यात पाणी उडत नाही, सगळं बंद असते. मी फक्त हसलो. लहान आहे.

दोन जातीचे ब्लॉक मिळतात. एकाचं झाकण काळं, आत तांब्यावर निकेल चढवलेलं. दुसऱ्याचं झाकण पारदर्शक ॲक्रेलिकचं, आतलं पाणी दिसतं. ती म्हणाली, काळा घ्या, मजबूत राहते. मी म्हटलं, दोन्ही मागव, मी तुलना करतो. कोणतं कार्ड आहे, तिनं विचारलं. मोठं आहे, म्हटलं. ते चालत नाही म्हणे. ज्या त्या कार्डाचा ब्लॉक वेगळा. घरी येऊन फोटो पाठवला.

२३ एप्रिल

पार्सल आलं. बायकोनं, पुष्पानं विचारलं, चेतनले विचारलं का तुम्ही? म्हटलं, सरप्राईज आहे वं. ती म्हणाली, त्याच्या सामानाले हात लावलेला त्याले आवडत नाही. मी म्हटलं, सामान त्याचं असलं तरी खोली माझी आहे.

ती स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात वाजली. मांजर असेल.

२७ एप्रिल

काळा ब्लॉक बसवला. कार्डाचे जुने पंखे काढताना एक वायर तुटली. हरकत नाही, आता पंखे लागणारच नाहीत. तीन स्क्रू उरले. कंपन्या जास्तीचे देतात.

मशीन सुरू केलं. चेतनच्या जुन्या कामातलं एक पिक्चर लावून ठेवलं. कार्डाला जोर पडतो ना. पूर्वी पंच्याऐंशीच्या वर जायचं. आता बाहेर ऊन त्रेचाळीस आणि कार्ड अठ्ठावन्नवर स्थिर.

जिंकलो. दुकानात तीन गिऱ्हाइकांना सांगितलं. त्यांना मोटर पाहिजे होती.

एकच खोट. काळ्या झाकणात काही दिसत नाही. पाणी फिरतं यावर विश्वास ठेवावा लागतो.

३ मे

पारदर्शक ब्लॉक बसवला. एकसष्ट. तीन डिग्री जास्त. पण आज ऊनही जास्त आहे. शिवाय आत पाणी दिसतं. नाल्यांमधून बारीक बारीक बुडबुडे पळतात, मग हळूहळू सगळं स्वच्छ होतं. माणूस बघतच बसतो.

निकाल: पारदर्शक ब्लॉक पहिला.

ऐन सीझनमध्ये दुपारभर दुकान बंद होतं. पुष्पा म्हणाली, तुम्ही काहून चेतनच्या खुर्चीवर बसून राहिले? टेस्टिंग, म्हटलं. जेवायलाही तिथंच मागितलं. पिक्चरमध्ये एक म्हातारा आहे, सायकलवर बर्फ नेतो, घरी पोहोचेपर्यंत बर्फ विरघळून जातो. चेतननं केलंय. तो घरात असताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याचे कान माझ्यासारखे काढले आहेत. योगायोग.

६ मे

डोक्यात कल्पना आली. चेतन लहानपणी खसच्या ताट्यांसमोर चटई टाकून झोपायचा. ताटी सुकली की ओरडायचा, बाबा, पाणी मारा, वास गेला. तर पाण्यात खसचं अत्तर टाकलं. चार थेंब. तो खोलीत पाय ठेवेल आणि वास येईल. बोलायची गरजच पडणार नाही.

वास आला नाही. दिपाली म्हणाली होती खरं, सगळं बंद असतं. म्हणून आणखी टाकलं. बाटली अर्धी झाली.

दिपालीला विचारलं नाही. तिला खसमधलं काय समजतं?

९ मे

झाकणावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसून राहिल्या. डिझाईन असावं. पहिल्या दिवशी उजेड कमी होता, तेव्हा लक्षात आलं नसेल.

१० मे

सकाळी मशीन लावून अंघोळीला गेलो. आलो तर स्क्रीन काळी. कॉम्प्युटरची पेटी उघडली तर ब्लॉकचं झाकण तडकलेलं, पाणी कार्डावरून ठिबकत खाली. आता मात्र खोलीभर खसचा वास.

उन्हात वाळवलं. पुष्पाचा हेअर ड्रायर मारला. काही नाही.

ऑटो करून सीताबर्डीला. दिपालीनं कार्ड हातात घेतलं, नाकाजवळ नेलं. म्हणाली, काका, अत्तर? ॲक्रेलिक तडकते त्यानं. काहून टाकलं? मी म्हटलं, पीस डिफेक्टिव्ह होता. तिनं कार्ड पुसलं. दोन दिवस ठेवून घेतलं. तिचा चेहरा काही बरा दिसला नाही.

१३ मे

कार्ड गेलं. दुरुस्त होणार नाही. तडकलेल्या ब्लॉकसकट कोरड्या कापडात गुंडाळून दिलं तिनं, आणून परत पेटीत ठेवलं.

तुलनेचा निष्कर्ष तरी चुकीचा नाही. पारदर्शक ब्लॉक उत्तमच आहे, फक्त त्यात पाण्याशिवाय काही टाकू नये. हे खोक्यावर लिहायला पाहिजे होतं. लिहिलं होतं. इंग्लिशमध्ये, बारीक.

१६ मे

चेतन भांडेल. तयारी केली. तो म्हणेल, हात काहून लावला? मी म्हणेन, तू टाकून गेला होता ना? तो म्हणेल, माझं होतं. मी म्हणेन, घरातलं सगळं सगळ्यांचं असतं. मग तो एसीवर येईल. मग मी अठ्ठावन्न डिग्री सांगेन. तिथं तो गप्प होईल. मग मी म्हणेन, चल, नवीन घेऊ, दिपालीकडे जाऊन येऊ दोघं.

पुष्पाला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, त्याले आधी पाणी तर प्यायले द्या.

१८ मे

चेतन आला. बारीक झाला आहे. लग्नात सगळ्यांशी हसून बोलला. मलाही नमस्कार केला. बाबा, तब्येत कशी आहे, म्हणाला. परक्या घरी विचारतात तसं.

जेवणं झाल्यावर घरी येऊन त्याच्या खोलीत गेलो. मीच पेटी उघडून दाखवली. त्यानं तडकलेलं झाकण पाहिलं. हात लावला नाही. बाबा, यात खस टाकलं होतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, थोडं. म्हटलं, काळ्या ब्लॉकवर अठ्ठावन्न होतं, बाहेर त्रेचाळीस असताना. तो म्हणाला, चांगलं आहे की. मी म्हटलं, नवीन घेऊ. तो म्हणाला, राहू द्या बाबा, तिकडं ऑफिसचं आहे, हे आता मले लागत नाही.

आणि पेटीचं झाकण लावलं. हळूच, आवाज न करता.

एवढी उत्तरं पाठ केली होती. एकही लागलं नाही. त्यानं भांडायला पाहिजे होतं. भांडला असता तर बसलो असतो रात्रभर.

मग मी म्हटलं, ते बर्फवाल्याचं पिक्चर पाहिलं मी. चांगलं आहे. तो फोनवर काहीतरी बघत होता. हो का, म्हणाला. कदाचित ऐकू गेलं नसेल. पंखा फुल होता.

२० मे

चेतन गेला. पुष्पाला सोबत नेलं. उन्हात तिला दोनदा चक्कर आली होती म्हणे. मला सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि मी टेस्टिंगमध्ये होतो. चेतनच्या फ्लॅटवर एसी आहे. महिनाभर राहून येते, म्हणाली.

स्टेशनवर चेतननं मला म्हटलं नाही की तुम्हीही चला. म्हटलं असतं तरी सीझन सोडून कसा गेलो असतो? त्याला हे माहीत आहे, म्हणूनच म्हटलं नसेल. समजूतदार आहे.

गाडी हलली तेव्हा पुष्पा खिडकीतून काहीतरी सांगत होती. काच बंद होती. मी मान हलवली.

२९ मे

ठराव: १) रोज दोन्ही वेळ वेळेवर जेवायचं. २) चेतनला आपण होऊन फोन करायचा. ३) दुकान दुपारी बंद ठेवायचं नाही.

तिसरा पाळला.

८ जून

पुष्पाचा फोन. झोप चांगली लागते म्हणे, चक्कर नाही. शेजारीण चांगली आहे, दोघी संध्याकाळी बागेत फिरायला जातात. आता दिवाळीनंतरच येईन म्हणते. मी म्हटलं, ये आरामात, इथं काही अडलं नाही.

मागं चेतनचा आवाज येत होता. कुणाशी तरी हसत होता. मी थोडा थांबलो, त्याला फोन देईल म्हणून. मग म्हटलं, चेतन माझ्याबद्दल काही विचारते का वं?

ती मग म्हणाली, तुम्ही जेवले का?

हो, म्हटलं.

जेवलो नव्हतो.