दाराखालचं लोखंड

३ फेब्रुवारी, सोमवार

दादाचा फोन. तेवीस तारखेला आमच्या जीपवाल्यांच्या ग्रुपच्या गाड्या डोंगरातल्या दगडांच्या वाटेने निघणार. "येणार ना ठमाबाई? की गाडी धुऊन-पुसून घरीच ठेवणार?" म्हटलं, येणार. फोन ठेवला आणि अर्धा तास भांडी आपटत बसले.

गेल्या वर्षीचं एकदा लिहूनच टाकते. दगडांतून गाडी काढताना पुढे एकजण उभा राहून हाताने वाट दाखवतो. माझ्यापुढे दादा होता. "उजवीकडे घे... अजून उजवीकडे... ये, बिनधास्त ये!" सख्खा भाऊ सांगतोय म्हणून मी आले. कर्रर्र! गाडी दगडावर बसली. माझ्या दाराखालची पट्टी चेपली, दार अडकलं. पलीकडच्या दाराला कडा टेकलेला. मला खिडकीतून ओढून काढलं — पोत्यासारखं. वीसेक माणसं मोबाइल रोखून उभी. आणि दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "गाडी आहे गं ती, खेळणं नाही!"

नवरा म्हणतो, त्याने मुद्दाम केलं. ते मात्र मी नाही म्हणणार. मस्तीत होता, अंदाज चुकला. पण हसला कशाला? चुकला तर चुकला म्हणायचं!

बाबांनी जीप मला दिली, कारण गाडीखाली त्यांच्याबरोबर पाना घेऊन मी पडायचे. दादा कपडे सांभाळत लांब उभा राहायचा. तरी ते त्याच्या घशाखाली उतरत नाही. आता आईसमोर वदवून घेतलंय माझ्याकडून — पुन्हा अडकले तर जीप त्याची. रागाच्या भरात मी हो म्हणून बसले.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुचलं! ऑफिसात फाइल समोर ठेवून दिवसभर तेच घोळवतेय.

त्या वाटेवर एक उंच दगडी पायरी आहे. पत्रा वाचवायला दाराखाली लोखंडी पाइप लावलेल्या गाड्याच तिच्यावरून जातात, बाकीचे बाजूने वळसा घालतात. दादा पाइपवाल्यांना हसतो — "गाडीला कुबड्या!" तर मी पाइप लावणार. पण असा, की कुणाच्या डोळ्याला दिसणार नाही. उघड्याबोडक्या जीपने ठमाबाई पायरी चढून गेली म्हटल्यावर ग्रुपचा लीडर असलेला आमचा दादा वळसा घालेल? मेला तरी नाही! त्याची नवी कोरी गाडी, खाली नुसतं प्लास्टिक. बसू दे दणका. दार अडकू दे. निघू दे खिडकीतून!

८ फेब्रुवारी, शनिवार

ओळखीच्या गॅरेजात गेले असते तर संध्याकाळपर्यंत दादाला कळलं असतं. म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. गेट, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड बनवणारा एक वेल्डर आहे. म्हातारा, तुसडा. जीपखाली सरकला तो दहा मिनिटं बाहेरच येईना.

"पट्टीला जोडून चालणार नाही, पत्रा आहे तो. भार चॅसीवर, खालच्या सांगाड्यावर जायला हवा."

"जोडा चॅसीला. पण दिसायला नको."

"लोक दिसावं म्हणून लावतात, बाई."

"मी लोक नाही."

पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं त्याने. मग म्हणाला, गोल पाइप बाहेर डोकावेल, चौकोनी घेऊ, पट्टीच्या आतल्या अंगाला वर सरकवून. मधे बोटभर जागा ठेवायची, म्हणजे लोखंड वाकलं तरी पट्टीला लागणार नाही. वर गाडीच्या खालच्या बाजूसारखाच मळका काळा रंग.

"पण आवाजाचं काय करणार?" म्हणाला. "पोकळ पाइप दगडावर आपटला की घंटा वाजेल. बहिऱ्यालाही कळेल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! त्यानेच उपाय सांगितला — आत फोम, खाली नायलॉनची जाड पट्टी. कशासाठी एवढं, हे विचारलं नाही. शहाणा माणूस.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जीप घरी आली. दहा पावलांवरून बघितली, उकिडवं बसून बघितली. काही म्हणजे काही दिसत नाही! बाबा असते तर त्या वेल्डरच्या पाठीवर थाप मारली असती.

१६ फेब्रुवारी, रविवार

मोकळ्या प्लॉटवर लाकडी ओंडके टाकून जीप त्यावर घासली. धप्प. बस, एवढाच आवाज. पत्र्याला ओरखडा नाही.

नवरा बघत होता. "एक सणसणीत शिवी दिली असतीस तर एवढ्यात तुम्ही बहीणभाऊ एकत्र जेवून मोकळे झाला असतात." म्हटलं, शिवी तो विसरेल. खिडकी नाही विसरणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आई फोनवर, "दे ना गं त्याला जीप, भावाबहिणीत वितुष्ट नको." दरवेळी मीच का द्यायचं? म्हटलं, कुकर लावायचाय. आणि फोन ठेवला.

२३ फेब्रुवारी, रविवार

झालं! झालं झालं झालं!

क्रमाने लिहिते. सकाळी दादाचं नेहमीचं चेकिंग. टॉर्च घेऊन प्रत्येक गाडीखाली झोपतो. माझ्या जीपखालीही गेला. बाहेर आला, पँट झटकली. "मागचं मडफ्लॅप सैल आहे. बांधून घे." बस! आंधळा!

पायरीशी पहिल्या गाड्या वळसा घालून गेल्या. मी थांबले. वॉकीवर दादा, "ठमे, बाजूने ये." पहिला गिअर, हलका पाय, बाबांनी शिकवलं तसं. पुढची चाकं चढली, पाइप टेकला — धप्प — सरकत सरकत पलीकडे. टाळ्या पडल्या. मोबाइल होतेच!

मग कुणीतरी ओरडलं, "लीडर, आता तुम्ही!" दादा खाली उतरला, पायरीपाशी बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, गेला हातचा. पण बसला गाडीत आणि आला. आवाज काय झाला! पत्रा फाटल्याचा. दार अडकलं. पलीकडचं दार झुडपात. दोघांनी काखेत हात घालून खिडकीतून काढला.

मी हसले. पोट दुखेपर्यंत हसले. आणि वर्षभर तोंडात धरून ठेवलेलं वाक्य सोडलं, "गाडी आहे रे दादा, खेळणं नाही!" सगळे खो खो. तोही हसला. मेलं, तेवढंच जरा खुपलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आई म्हणाली, जीपचा विषय संपला, तुझीच. ऑफिसात तो व्हिडिओ चार वेळा बघितला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनी येऊन गेली. चहाला हातही लावला नाही. "त्याला पाइप दिसला होता," म्हणाली. "चेकिंगलाच. घरी येऊन त्या वेल्डिंगचं कौतुक करत होता." म्हटलं, मग गेला कशाला पायरीवर? ती खाली बघत म्हणाली, "मीही तेच विचारलं. म्हणाला, गेल्या वर्षी तिला मुद्दाम दगडावर घातली होती. आता फिटलं."

मुद्दाम.

आणि फिटलं, हेही त्याचं त्यानेच ठरवलं!