अर्धी गोळी आधी, अर्धी नंतर

ती. ताईस,

वाकून नमस्कार. वाकलोच आहे म्हणून पाठीत धपाटा घालू नकोस.

मी बरा आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. भाचीचा खोकला गेला का?

तुझं पत्र वाचून लगेच लिहायला बसलो. धाकटा कॅन्सरवर औषध शोधतोय म्हणून तू इंजेक्शनं बंद केलीस आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चघळत बसलीस? अगं वेडाबाई, आमचं औषध व्हिटॅमिन सीपासून बनवलेलं असलं, तरी ते म्हणजे ती गोळी नव्हे. त्याने गाठी लहान झाल्या त्या उंदरांच्या, आणि त्याही सगळ्यांच्या नाहीत. सकाळी पिंजरे मीच उघडतो, म्हणून सांगतो. माणसापर्यंत ते पोचेल की नाही, हे आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनाही सांगता येत नाही.

उद्याच दाजींना घेऊन दवाखान्यात जा. लहानपणी मला सुई टोचायला नेताना तू अशीच आंबट गोळी द्यायचीस, अर्धी आधी, अर्धी नंतर. डॉक्टर हो म्हणाले तर तशीच खा. त्या गोळीकडून एवढंच होण्यासारखं आहे, ताई.

अजूनही सुईला भिणारा,
तुझा धाकटा